पल्याडवाडीची मोजणी

उत्तमकाकांनी आयुष्यात जेवढी जमीन मोजली, तिच्यातली निम्मी या पृथ्वीवर नाही.

पहिली निम्मी आहे. भोकरदन, हसनाबाद, त्यांचं स्वतःचं गाव केदारखेडा, पार घनसावंगीपर्यंतच्या शिवारांतून काका चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून फिरले. साखळी ओढली, हद्दीचे दगड रोवले, नकाशे काढले आणि रिटायर झाले. दुसरी निम्मी जमीन व्हिडिओ गेममधली आहे. तीही त्यांनी तितक्याच इमानदारीनं मोजली, आणि तिचे सगळे नकाशे माझ्याकडे झेरॉक्स झालेत, म्हणून मी हे खात्रीनं सांगते.

जालन्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. काकांचं घर बरोबर समोर. त्यांच्या उंबऱ्यापासून माझ्या काउंटरपर्यंत एकतीस पावलं. हे अर्थातच मी मोजलेलं नाही.

झालं असं की, त्यांचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. सिंधूकाकूंनी एक दिवस काकांना त्याच्यावरची धूळ पुसायला सांगितली. पुसता पुसता कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर डोंगर, नदी, गवताचं माळरान असं सगळं उघडलं. खेळ लढाईचा होता. हातात बंदूक, समोरून शत्रू. काकांनी दोन्हींकडेही लक्ष दिलं नाही. त्यांना दूरवर एक दगडी भिंत दिसली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते धापा टाकतच. हातात ग्राफपेपर.

"सुनीता, मोजणी चालू असताना गोळीबार झाला! सात बारी मेलो. पण उत्तरेची हद्द काढलीच."

मागून काकू आल्या. "लोकं ह्यांना मारून राह्यले आन् हे पावलं मोजून राह्यले. एकदा तर मेल्यावर मला म्हन्ले, किती झाले व्हते, तू ध्यानात ठेवलं का?"

तेव्हापासून काकांना चटकच लागली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला तर ते रस्ता सोडून गाडी शेतात घालायचे आणि बांध कुठवर जातो ते पाहायचे. राक्षसांच्या गेममध्ये राक्षस चावत असताना त्याच्या गुहेची खोली काढायचे. कुठलाही खेळ जिंकले नाहीत. जिंकायचं असतं हेच त्यांना पटत नसे. "जिंकायचं काय त्याच्यात? हद्द दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 'हद्द दाखवा' ते सगळ्यालाच म्हणायचे. भाजीवाल्यानं कोथिंबीर महाग सांगितली तरी हद्द दाखवा, आणि कॉलनीतल्या कोणी मुलीच्या लग्नाची बढाई मारली तरी हद्द दाखवा.

मग मीच त्यांना पल्याडवाडी शोधून दिली. हा मराठीतला छोटासा गेम. त्यात मारामारी नाही. आपण एका गावात पोचतो, गल्लीबोळांतून फिरतो, लोकांशी बोलतो, कोणाची हरवलेली शेळी शोधून देतो, कोणाचा निरोप पोचवतो. बस, एवढंच. माझ्या नणंदेच्या मुलीला तो दहा मिनिटांत कंटाळवाणा वाटला. काकांना तो दोन वर्षं पुरला.

रोज सकाळी दहाला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे. एक वाजता उठायचे. काकू कोणाला सांगायच्या, "ते आता न्हाई भेटायचे, पल्याडवाडीला गेलेत." समोरचा माणूस विचारायचा, कुठल्या तालुक्यात आलं हे? काकू शांतपणे म्हणायच्या, "कॉम्पुटर तालुक्यात."

काकांनी त्या गावाला गट नंबर दिले. विहिरी, झाडं, पायवाटा, देवळाचा पार, सगळं नकाशावर आलं. आणि एक दिवस ते माझ्या दुकानात आले ते चेहरा पाडून.

"घोटाळा हे, बाई. गट नंबर सत्तेचाळीसमधलं घर ओढ्याच्या पात्रात हे."

त्या घरात एक म्हातारी राहते. खेळातली. ओढ्याचा उतार तिच्या घराकडेच येतो, हे काकांनी तीन वेळा फिरून पाहिलं होतं.

"पहिल्या पुरात घर जानार."

"काका, त्या गेममध्ये पूर येत नाही."

"आतापोहोत आला न्हाई म्हन."

मग मी अर्ज टाइप केला. 'प्रति, माननीय निर्माते, पल्याडवाडी. विषय : मौजे पल्याडवाडी येथील गट क्रमांक ४७ मधील घर ओढ्याच्या पात्रात असलेबाबत.' खाली नकाशा जोडला. ईमेल केला. उत्तर नाही. महिन्यानं स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. काकांना उत्तर न येण्याचं दुःख नव्हतं, त्यांनी आयुष्य कचेरीत काढलेलं. पण अर्ज पोचला की नाही हेच कळत नव्हतं. पोच पाहिजे होती. दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख, शक्यतो शिक्का.

अशात मला मोबाइलवर दिसलं की पुण्यात व्हिडिओ गेमचा मोठा मेळावा भरतोय, आणि पल्याडवाडीवाल्यांचाही तिथं स्टॉल आहे. मी रस्त्यापलीकडे ओरडूनच सांगितलं. एकतीस पावलं काकांनी त्या दिवशी विसात उरकली.

"मंग समक्षच देऊ!"

काकूंचे गुडघे दुखतात, त्या काही निघणार नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू जा बाई संगं. एकटे गेले तर तिथं बी कुनाची तरी वावरं मोजत बसतील आन् इकडं यायचंच ध्यानात राहनार न्हाई." माझी मावसबहीण पुण्यात असतेच. मी दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. बसमध्ये काका खिडकीशी बसून लहान मुलासारखे हलत होते. नव्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं, मांडीवर कातडी पिशवी, पिशवीत अर्ज दोन प्रतींत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळाव्याच्या दारात पोचलो आणि मी हबकलेच. मी गर्दी पाहिलीय, पण ही गर्दी वेगळीच. सगळी वीस-बावीसची पोरं-पोरी, कोणाचे केस निळे, कोणाच्या अंगावर चिलखत, एकीच्या डोक्याला शिंगं. आतून ढोल आपटल्यासारखा आवाज, पायाखालची फरशी थरथरतेय. काका डोळे विस्फारून बघत होते. "बापरे! बापरे, सुनीता! एवढी मानसं मोजनीला आली असती ना, तर काय मजा आली असती!"

दारावर पिशवी तपासली. रखवालदारानं आतून पितळेचा ओळंबा काढला. टोकदार, दोरी बांधलेला.

"ये क्या है?"

"ओळंबा. सीधा दिखाता है."

"क्या सीधा दिखाता है?"

काकांनी तिथल्या तिथं दोरी धरून ओळंबा सोडला आणि सिद्ध करून दाखवलं की त्यांचं प्रवेशद्वार डावीकडे झुकलेलं आहे. रखवालदारानं एकदा ओळंब्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं आणि दोघांनाही आत सोडलं. ओळंबा मात्र ठेवून घेतला. पिशवीतली मोजायची टेप राहिली.

आणि बरं झालं राहिली. कारण आतल्या दालनाच्या दारात एक पोरगा अडकला होता. त्याच्या पाठीला थर्माकोलचे अवाढव्य पंख, सोनेरी रंग दिलेले. पुढेही जाता येईना, मागेही. मागे शंभरेक माणसं खोळंबलेली. सगळे वेगवेगळं सांगत होते, खाली वाक, उडी मार, पंख काढ. पंख म्हणे आईनं शिवूनच दिलेले, निघत नव्हते. पोरगा रडकुंडीला आला होता.

"सरका बरं," काका म्हणाले. टेप काढली. दार मोजलं, पंख मोजले, मनात काहीतरी हिशोब केला, पोराला खांद्याला धरून तिरपं केलं. "आता उजवा पाय. थांब. थोडं मांगं. आता चल जल्दी." आणि पोरगा एकही पीस न मोडता आरपार! असल्या टाळ्या पडल्या म्हणून सांगू. शिट्ट्या. त्या पोरानं काकांना मिठी मारली, तर पंखांमुळे मीही त्या मिठीत सापडले. तिथून पुढे अनोळखी पोरं जाता-येता काकांना "अंकल, भारी!" म्हणून टाळी देत होती आणि काका प्रत्येकाला परत देत होते.

मला सांगायला लाज वाटत नाही, मीही हरखले होते. छतापर्यंत पडदे, त्यावर धावणारे घोडे, उडणारी जहाजं. एका ठिकाणी नाचायचा गेम होता, मी चप्पल काढून नाचून आले. छत्तीस वर्षांची बाई. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्याचाच आनंद झाला.

पण दुपार होईतो पायांचे तुकडे पडले. कारण आम्ही एका रांगेत अडीच तास उभे होतो. काकांना वाटलं, एवढी मोठी रांग आहे म्हणजे अर्ज स्वीकारायची खिडकी तिथंच असणार. मीही मान डोलावली, आवाजात मला धड ऐकूच येत नव्हतं. शेवटी नंबर लागला तर समोर शर्यतीची गाडी. बसून चालवायची, दहा मिनिटं. काका बसले. भोंगा वाजला, बाकीचे सुसाट गेले आणि काकांनी गाडी वळवून रस्त्याखाली घातली.

"अंकल, रेस उधर है!" स्टॉलवाला किंचाळला.

"मालूम है. ये नाला किधर जाता है?"

स्टॉलवाल्याला माहीत नव्हतं. काकांनी दहाच्या दहा मिनिटं नाला शोधला. तो डोंगराच्या आतच गडप होत होता. उतरताना ते त्याला म्हणाले, "बहुत बडा काम किया तुमने, लेकिन नाला अधूरा है." त्या बिचाऱ्यानं त्यांना टोपी भेट दिली.

मग चौकशीच्या टेबलावर काकांनी विचारलं, "आवक-जावक विभाग कुठंय?" तिथल्या मुलीनं गोड हसून त्यांना एक नकाशा दिला, मेळाव्याचा. काकांनी तो हातात घेतला, दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "ह्याच्यात उत्तरच दाखवली न्हाई. उत्तर दिशा कुठंय?" ती मुलगी उठून साहेबाला बोलवायला गेली ती आलीच नाही.

मी खांबाला टेकून खाली बसले. खरं सांगते, तेव्हा मनात आलं, कशासाठी हा उपद्व्याप? एवढ्या लांबून यायचं, अर्धा दिवस रांगेत, कानात दडे, आणि ज्याच्यासाठी आलो ते कुठंच नाही. काकांचा नवा शर्ट चुरगळला होता, पण चेहरा अजून तसाच फुललेला. "तू बस. मी कडेकडेनं जातो. कुठं बी गेलं ना, आधी हद्द फिरायची."

आणि हद्दीवरच सापडलं. सगळ्यात मागच्या भिंतीला, बाथरूमच्या वाटेवर, एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. वर हातानं रंगवलेली पाटी : पल्याडवाडी. टेबलामागे एक चष्मेवाली मुलगी डबा खात बसली होती. समोर कोणी नाही. लोक बाथरूमला जाताना एकदा पडद्याकडे बघत आणि पुढे जात.

काका ताठ उभे राहिले. शर्ट नीट केला. पिशवीतून अर्ज काढून दोन्ही हातांनी पुढे केला.

"निर्माते साहेब कुठं भेटतील?"

"मीच," ती मुलगी म्हणाली. घास गिळून तिनं हात पुसले. "मी ऋतुजा. मी एकटीनंच बनवलाय."

काकांनी पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "एकटीनं? पुरं गाव?"

"हो."

तिनं अर्ज वाचायला घेतला. विषय वाचला आणि तिचा हात तोंडावर गेला. "हे तुम्ही आहात? जालन्याचे अर्ज? अहो, मला वाटलं माझ्या मैत्रिणी मस्करी करतायत. एवढं नीट कोण लिहितं!" मग तिनं नकाशा उलगडला. टेबलावर मावेना, डबा सरकवला. बराच वेळ बोट फिरवत राहिली. एका जागी थांबली.

"तुम्ही इथपर्यंत गेलात? पूर्वेच्या टेकाडापलीकडे? ही बारव सापडली तुम्हाला?"

"म्हंजे काय, गट नंबर नव्वद. पायऱ्या एकवीस हेत."

"एकवीसच आहेत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "काका, ती बारव काढायला मला तीन आठवडे लागले. तिथं आजवर कोणीच गेलं नाही. मला दिसतं ना, कोण कुठवर गेलं ते... एकजण जातो, पण मला वाटलं काहीतरी बिघाड असेल. रोज दहा ते एक कोण फिरेल?"

काका इतके लाजले की मला दुसरीकडे बघावं लागलं. "मंग... पोच द्यान ना?"

ऋतुजानं दुसऱ्या प्रतीवर सही केली, तारीख टाकली. शिक्का नव्हता, तर गेमचं स्टिकर चिकटवलं. काकांनी ती प्रत छातीशी धरली. मी म्हटलं, झालं काम. पण ऋतुजा कॉम्प्युटरकडे वळली होती.

"बरोबर आहे तुमचं. ओढ्याचा उतार चुकलाय. पण ते आताच्या आता नीट होईल. घर काढून टाकते. एका मिनिटाचं काम आहे."

"न्हाई न्हाई न्हाई!" काका एवढ्यांदा ओरडले की बाथरूमच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांनी चक्क तिचा हात धरला. "घर न्हाई पाडायचं! ओढा सरकवा. अर्ज चुकला माझा. सुनीता, पेन दे, मी दुरुस्ती लिहून देतो."

पेनं त्यांच्याच खिशात दोन होती. मला आश्चर्य वाटलं. अतिक्रमण म्हणजे अतिक्रमण, हे म्हणणारा हा माणूस.

"ओढा सरकवायला वेळ लागेल," ऋतुजा म्हणाली. "सगळा उतार बदलावा लागतो. पण करते मी. एवढं काय आहे त्या घरात?"

काका खुर्चीवर बसले. टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"ती म्हातारी हे ना. आपन तिच्या दारावरून गेलो की म्हन्ती, 'दमला असाल, पानी घेता का?' रोज म्हन्ती." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "मोजनीवाल्याला असं कोनी म्हनत न्हाई, बाई. म्हंजे सुरवातीला म्हनायचे. पन आपन एका घरचं पानी पेलं, की बांधापल्याडचा म्हन्तो, हा त्यांच्याकडून झाला. म्हनून मी कोन्याच घरचं घेत नव्हतो. बाटली घेऊन फिरलो, चौतीस वर्षं. बाया तांब्या घेऊन बांधापोहोत यायच्या, मी नको म्हनायचो. मंग त्यांनी बी इचारायचं सोडून देल्लं. पुढं पुढं तर मी येतो दिसलो की दारं लावून घ्यायचे. भाऊ-भाऊ भांडायचे आन् दोघं बी मलाच शिव्या द्यायचे. त्यांचं बी बराबर हे. आपन गेलो की कोनाचं तरी पावभर वावर कमी व्हायचंच." मग ते हसले. "म्हनून म्हन्लं, हिचं घर राहू द्या. ऐकायला बरं वाटतं."

मी समोरच दुकानात बसते. आठ वर्षं झाली. हे मला माहीत नव्हतं.

ऋतुजा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "काका, मग तुम्ही पाणी घेता ना? 'हो' दाबता ना?"

"न्हाई. नको दाबतो."

"दोन वर्षं?"

"सवय हे ना."

"अहो, पण पाणी घेतल्याशिवाय आजी पुढचं काही बोलतच नाही! सगळ्यात जास्त बोलणं तिचंच आहे. तिची पूर्ण गोष्ट आहे. तिला कोणीतरी बसून ऐकावं म्हणून तर..." तिनं काकांना खुर्ची पडद्यासमोर घ्यायला लावली आणि माउस त्यांच्या हाताशी सरकवला.

काकांनी चष्मा पुसला. पल्याडवाडीच्या गल्लीतून ते हळूहळू निघाले. पार, विहीर, कोपऱ्यावरचा लिंब. म्हातारी दारातच होती. पडद्यावर अक्षरं उमटली : दमला असाल, पाणी घेता का? खाली दोन चौकोन. काकांचं बोट सवयीनं उजवीकडे गेलं आणि मध्येच थांबलं. मागे कुठल्या तरी शर्यतीत कोणीतरी जिंकलं होतं, सगळं दालन ओरडत होतं. काकांनी डावीकडचं 'हो' दाबलं.

म्हातारी आत गेली. तांब्या घेऊन आली. खाली टेकली, पदर सावरला, आणि पडद्यावर नवी अक्षरं आली, जी काकांनी कधी पाहिली नव्हती : बसा. कोण्या गावचे तुम्ही?

तिथं उत्तर लिहायला जागा नव्हती. काका पडद्याकडे थोडे वाकले आणि एवढ्या कल्लोळात, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"केदारखेड्याचा, माय."